विमान आकाशात तुटतं म्हणजे नेमकं काय होतं? सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

मी सांबऱ्याला वायुसेनेच्या शाळेत विमानाचं काम शिकलो आणि पुढे मुंबईत प्रवासी विमानांच्या देखभालीत आयुष्य काढलं. माझं काम सांगाड्याचं: पत्रा, रिव्हेट, गंज, तडे. निवृत्तीनंतर शहापुरात परतलो. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अगदी बिदरपर्यंत शाळांत आणि वाचनालयांत या विषयावर बोलतोय. जून २०२५ मध्ये अहमदाबादचा अपघात झाला आणि प्रश्नांचा ओघ वाढला. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. टीव्हीवर कधी 'विमान कोसळलं' म्हणतात, कधी 'हवेतच तुकडे झाले' म्हणतात. दोन्ही एकच ना?

नाही, आणि तपासाची सुरुवातच या फरकापासून होते. अहमदाबादचं विमान १२ जून २०२५ रोजी उड्डाणानंतर लगेच खाली आलं. इमारतींवर आदळेपर्यंत ते अखंड होतं. मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. तेही हवेत तुटलेलं नव्हतं. १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याजवळ समुद्रात पडलेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' पाण्यावर आदळेपर्यंत अखंडच होतं.

हवेत तुटणं म्हणजे जमिनीला किंवा पाण्याला लागण्याआधीच सांगाड्याचे भाग सुटे होणं. २३ जून १९८५ चं एअर इंडियाचं 'कनिष्क' त्यातलं (प्रश्न १०). १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पडलेलं विमानही त्यातलंच (प्रश्न ७).

२. काका, विमान तुटतंय म्हणतात खरं, एवढं लोखंडाचं धूड हवेत आपोआप कसं तुटतंय ओ?

पहिली गोष्ट, ते लोखंड नसतं. बहुतेक विमानांचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, नव्या काही विमानांत कार्बन फायबरचं. धातूच्या विमानात बाहेरचा पत्रा बहुतेक ठिकाणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असतो. ताकद पत्र्यात एकट्या नसते. पत्रा, आतल्या गोल कड्या आणि लांब पट्ट्या एकमेकांना धरून असतात, त्या धरण्यात ताकद असते. टोपलीची एक काडी हातानं मोडते, विणलेली टोपली मोडत नाही, तसं.

आपोआप काहीच तुटत नाही. आधी एक जागा कमकुवत होते किंवा फुटते. मग दोन बळं कामाला लागतात. एक म्हणजे आतून बाहेर ढकलणारी केबिनमधली हवा (प्रश्न ३). दुसरं म्हणजे ताशी ८००-९०० किलोमीटरनं समोरून येणारा वारा. विमान सरळ जात असेल तर हा वारा त्याला उचलून धरतो. पण नाक सुटलं किंवा विमान आडवं फिरलं की तोच वारा कापल्या तोंडातून आत शिरतो आणि जे सरळ उडण्यासाठी बांधलंय ते तिरकं ओढलं जातं. मग पंख, शेपूट, इंजिनं अशी एकेक गोष्ट सुटते. म्हणजे स्फोटानं किंवा तड्यानं दार उघडून दिलेलं असतं. बाकीचं विमान बहुतेक वेळा वारा तोडतो.

३. आतली हवा असा किती जोर लावणार? हवाच ती!

३५ हजार फुटांवर बाहेर हवेचा दाब आपल्या खालच्या दाबाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो. माणसाला श्वास घेता यावा म्हणून केबिनमध्ये साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीएवढा दाब ठेवतात. दोन्हींतला फरक दर चौरस मीटरला सुमारे सहा टन भरतो.

हिशेब करून बघा. पाव मीटर रुंद, पस्तीस सेंटीमीटर उंच खिडकी धरली तर तिच्यावर पाचशे किलोंच्या वर जोर आला. बेळगाव बासमतीची पन्नास किलोंची दहा पोती एका खिडकीवर. दोन चौरस मीटरच्या दरवाज्यावर बारा टन. आणि हा जोर प्रत्येक उड्डाणात चढतो, प्रत्येक उतरण्यात जातो. विमान दर खेपेला फुग्यासारखं किंचित फुगतं आणि पुन्हा बसतं. पाचवा प्रश्न समजायला एवढं लक्षात ठेवा.

४. तुटण्याची कारणं किती?

थोडक्यात सांगतो: धातूचा थकवा (प्रश्न ५), चुकीची दुरुस्ती (प्रश्न ६), नीट न लागलेलं मालाचं दार (प्रश्न १२), इंधनाच्या टाकीतला स्फोट, बॉम्ब किंवा क्षेपणास्त्र, दोन विमानांची टक्कर (प्रश्न १४), वादळ आणि सहन होणार नाही एवढी हिसकेबाज हालचाल (प्रश्न ११).

टाकीचं मोठं उदाहरण म्हणजे १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ समुद्रात पडलेलं टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं विमान, उड्डाण क्रमांक ८००. त्यात २३० माणसं गेली. मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतल्या वाफा पेटल्या. पेट्रोल पंपावरचा जुना माणूस सांगतो ना, भरलेल्या पिंपापेक्षा रिकामं पिंप वाईट, तेच इथे घडलं.

५. धातू थकतो म्हणजे? थकायला तो काय माणूस आहे?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये हा प्रश्न विचारा, तिथला माणूस तुम्हाला तुटलेला शाफ्ट दाखवेल. त्या तुटक्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या दिसतात. एका फटक्यात तुटलेल्या तोंडावर त्या नसतात. बादलीच्या कडीची तार एकदा वाकवली तर काही होत नाही, वीस वेळा मागेपुढे केली की मोडते. भार तुटण्याएवढा नसतो, तो पुन्हा पुन्हा येतो एवढंच. त्यालाच थकवा, कारखान्यातल्या भाषेत फटीग म्हणतात.

विमानजगताला हे शिकवलं ते कॉमेट या ब्रिटिश जेटनं. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ तुटलं, ३५ जण गेले. ८ एप्रिलला दुसरं नेपल्सच्या बाजूला तुटलं, २१ जण गेले. पहिल्याची १,२९० उड्डाणं झाली होती, दुसऱ्याची फक्त ९००. कागदावर ही विमानं याच्या कितीतरी पट टिकायला हवी होती. मग फार्नबरो इथे एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं, पंख टाकीबाहेर ठेवले, आणि आत पाणी दाबून-सोडून हजारो उड्डाणांची नक्कल केली. पाणी अशासाठी, की हवा भरून फुटलं असतं तर बॉम्बसारखं फुटलं असतं आणि पुरावाच उडून गेला असता. खरी आणि नकली उड्डाणं मिळून तीन हजारांच्या आसपास आकडा गेला आणि अंग फाटलं.

'कॉमेटच्या चौकोनी खिडक्यांनी घात केला' असं मुलं पाठ करून येतात. अर्धं खरं आहे. एल्बाच्या विमानात फाटण्याची सुरुवात प्रवाशांच्या खिडकीपासून झाली नव्हती. छतावर रेडिओच्या अँटेनासाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या भोकापासून झाली होती. तत्त्व मात्र तेच. पत्रा जिथे कापता, जिथे कोपरा देता, जिथे भोक पाडता, तिथे ताण गोळा होतो. आज विमानांच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात. हत्तरगीच्या एरोस्पेस वसाहतीत काम करणाऱ्या संकेश्वर-निपाणीकडच्या पोरांना माझं नेहमी सांगणं असतं: भोकाची कड साफ करणं हे 'फिनिशिंग'चं काम समजू नका, त्या कडेवर माणसं बसलेली आहेत.

६. दुरुस्ती केली म्हणजे जागा उलट मजबूत होते ना? मग दुरुस्तीमुळे विमान कसं तुटेल?

नीट केली तर मजबूत होते. वाईट केली तर तडा झाकला जातो, आणि झाकलेला तडा उघड्या तड्याहून वाईट.

७ फेब्रुवारी १९८० रोजी हाँगकाँगला चायना एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपूट उतरताना धावपट्टीला घासली. खरचटलेला पत्रा कापून काढायचा आणि त्या भागाच्या बऱ्याच बाहेरपर्यंत जाड ठिगळ लावायचं, असा नियम होता. ओरखडे तसेच ठेवून वर ठिगळ लावलं गेलं, तेही पुरेसं मोठं नव्हतं. ठिगळाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तडे वाढत राहिले. बावीस वर्षं. २५ मे २००२ रोजी तैवानजवळ पेंगू बेटांच्या वर, ३५ हजार फुटांवर मागचा भाग फाटला आणि २२५ माणसं गेली. समुद्रातून काढलेल्या त्या तुकड्यावर ठिगळाच्या कडेनं पत्रा घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे शेवटच्या काळात तडा प्रत्येक उड्डाणात उघडझाप करत होता.

जपान एअरलाइन्स १२३ ची गोष्टही अशीच. १९७८ मध्ये शेपूट घासली, केबिनची हवा मागून अडवणारी दाबभिंत चुकीची जोडली, १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती फुटली. उभं शेपूट उडालं, नियंत्रणाचं तेल वाहून गेलं. वैमानिकांनी तसंच विमान अर्धा तास हवेत ठेवलं. ५२० माणसं गेली, चार वाचली.

माझ्या नोकरीत एकदा असंच एक ठिगळ माझ्यापुढे सहीला आलं. कडेच्या रिव्हेटची रांग एका बाजूला कमी होती. 'विमान सकाळी जायचंय' म्हणून घाई होती. मी सही केली नाही. ठिगळ काढलं तेव्हा खाली नखाएवढा ओरखडा तसाच होता. त्या रात्री तीन तास उशीर झाला आणि मला बोलणी खावी लागली. आजही तो ओरखडा डोळ्यांपुढे येतो.

७. एका विमानाचे तुकडे इतके लांब लांब कसे पडतात?

सुगीच्या दिवसांत नंदगडजवळ एका खळ्यावर गेलो होतो. एक आजी तिपाईवर उभ्या राहून सुपातून भात वाऱ्यावर देत होत्या. भरलेला दाणा त्यांच्या पायाशीच पडत होता. पोचट दाणा हातभर पुढे. भुसा त्याच्याही पुढे, आणि बारीक कुसळं शेजारच्या बांधावर जाऊन बसत होती. सगळं एकाच सुपातून, एकाच उंचीवरून सुटलेलं. वारा निवडत होता. मी विचारलं, 'आजी, वारं पडलं तर?' त्या म्हणाल्या, 'मग काय रं, ढीग होतोय नुसता, निवडणार कोण?'

विमानाच्या अवशेषांचं अगदी हेच आहे. उंचीचा आणि वजनाचा ढोबळ हिशेब मांडतो. ३१ हजार फूट म्हणजे साडेनऊ किलोमीटरला थोडं कमी. इंजिनासारखी जड, भरीव वस्तू मिनिटाच्या आसपास जमिनीवर येते. वारा तिला फार ढकलू शकत नाही, पण विमानाचा स्वतःचा वेग अंगात असल्यानं ती काही किलोमीटर पुढे जाऊन पडते. बसण्याची गादी सेकंदाला दहा मीटरनं उतरली तर पंधरा-सोळा मिनिटं हवेत राहते. वारा ताशी १०० किलोमीटरचा असेल तर तेवढ्यात ती पंचवीसेक किलोमीटर वाहून गेली, म्हणजे बेळगावहून खानापूर. कागद किंवा पातळ पत्र्याचा तुकडा सेकंदाला दोन मीटरनं तरंगत आला तर तास-सव्वा तास वर असतो आणि शंभराहून जास्त किलोमीटर जाऊ शकतो. खाली येताना वारा बहुधा कमी होतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा इकडेतिकडे होतो.

२१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन ॲम १०३ तुटलं ते ३१ हजार फुटांवरच. पंखांचा इंधनानं भरलेला भाग गावातल्या घरांवर पडला, तिथले ११ जण गेले. नाकाचा भाग गावाबाहेर टंडरगार्थच्या माळावर पडला. इंजिनं गावात पडली. आणि हलक्या वस्तूंची रांग पूर्वेकडे इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे १३० किलोमीटर गेली. शोधाचं क्षेत्र २,१९० चौरस किलोमीटर होतं. बेळगाव ते संकेश्वर जवळपास जेवढं अंतर, तेवढ्या बाजूचा चौकोन डोळ्यांपुढे आणा. पोलीस आणि सैनिक तो पायानं तुडवत गेले. त्यातून बॉम्बच्या टायमरचा जो तुकडा निघाला, तो बोटाच्या नखाएवढा होता.

८. आमच्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. म्हणजे इथे असं झालं तर सगळं पूर्वेलाच पडेल?

खानापूरच्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न मला फार आवडला. उत्तर 'नाही' असं आहे. जून ते सप्टेंबर आपल्या अंगाला लागतो तो वारा पश्चिमेचा, घाट चढून आलेला. पण दक्षिण भारतावर प्रवासी विमानं उडतात त्या उंचीवर त्याच दिवसांत वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. वरून सुटलेली हलकी वस्तू आधी पश्चिमेला जाईल, मग ढगांच्या थरात शिरल्यावर पुन्हा पूर्वेला ओढली जाईल. म्हणून तपास करणारे जमिनीवरच्या वाऱ्यावर विसंबत नाहीत. हवामान खात्याचे फुगे निरनिराळ्या उंचीवरच्या वाऱ्याची नोंद देतात, ती घेऊन प्रत्येक तुकड्याचा मार्ग उलटा काढत वर नेतात.

९. एवढ्या तुकड्यांतून पहिला कुठला सुटला हे कसं कळतं?

आधी चार टोकं शोधतात: नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची टोकं. चारही एकाच खड्ड्याच्या आसपास सापडली तर विमान जमिनीपर्यंत अखंड आलं. एखादं टोक पाच-दहा किलोमीटर मागे सापडलं तर ते हवेत सुटलं.

मग विमानाच्या वाटेवर कोण कुठे पडलंय ते बघतात. वाटेवर सगळ्यात मागे सापडलेले तुकडे बहुधा आधी सुटलेले असतात. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर मलेशियाचं एमएच १७ 'बुक' नावाच्या क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं, २९८ जण गेले. अवशेष सुमारे ५० चौरस किलोमीटरवर होते. कॉकपिट आणि पुढचा भाग अलीकडच्या गावांत पडला, बाकीचं विमान कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडलं. नुसत्या नकाशावरून कळत होतं की घाव नाकावर बसला. 'बहुधा' म्हणतोय ते मुद्दाम. हलका तुकडा उशिरा सुटूनही वाऱ्यानं भलतीकडे जाऊ शकतो, म्हणून प्रश्न ७ मधला हिशेब आधी करावा लागतो.

त्यानंतर तुटकी तोंडं वाचतात. थकव्याच्या वळ्या आहेत का? पत्रा आतून बाहेर वळलाय की बाहेरून आत? काजळी तुटण्याआधी बसली की नंतर? दोन तुकडे शेजारी ठेवले आणि एकावर काजळी असून दुसऱ्याची त्याला लागून असलेली कड स्वच्छ निघाली, तर ते आगीआधीच वेगळे झाले होते. टीडब्ल्यूए ८०० चे तुकडे समुद्रातून काढून एका हँगरमध्ये लोखंडी सांगाड्यावर पुन्हा विमानाच्या आकारात लावले होते. एमएच १७ चा पुढचा भागही नेदरलँड्समध्ये तसाच उभा केला.

१०. ब्लॅक बॉक्स असताना ही सगळी मातीतली मेहनत कशाला?

कारण हवेत तुटताना ब्लॅक बॉक्सची वीज तुटते आणि नोंद तिथेच थांबते. (पेटी काळी नसते, भगवी असते. सापडावी म्हणून.) कनिष्कमध्ये हेच झालं. माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईला निघालेलं हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, ३१ हजार फुटांवर असताना रडारवरून एकाएकी नाहीसं झालं. ३२९ माणसं होती, कुणीही वाचलं नाही. १३१ मृतदेह मिळाले. दोन्ही रेकॉर्डर जुलैमध्ये सुमारे दोन किलोमीटर खोल पाण्यातून यंत्रमानवाच्या हातांनी वर काढले. आवाजाच्या नोंदीत एक मोठा आवाज आणि पुढे काही नाही. तुर्भ्याच्या बीएआरसीतल्या (भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या) शास्त्रज्ञांनीही त्या आवाजाचा अभ्यास केला. पण बॉम्ब पुढच्या मालकक्षात होता या निष्कर्षापर्यंत न्यायमूर्ती किरपाल यांची चौकशी पोचली, ती समुद्रतळावरच्या अवशेषांच्या मदतीनं. आवाज वेळ सांगतो, जागा बऱ्याचदा तुकडा सांगतो.

११. वळवाच्या पावसात विमान हलायला लागलं की जीव घाबरा होतो. वादळानं किंवा विजेनं विमान तुटतं का?

आजच्या विमानात तुमचा जीव घाबरा होण्याइतकं हलणं आणि तुटण्याइतकं हलणं यांत फार अंतर आहे. प्रवासी विमान स्वतःच्या वजनाच्या अडीच पट भार कायमची इजा न होता पेलेल असं बांधतात, आणि त्याच्या दीडपट भारालाही ते लगेच मोडता कामा नये. पट्टा बांधा, कारण हिसक्यात माणूस छतावर आपटतो. लोक जखमी होतात ते बहुतेक यामुळे.

पण पूर्वी झालंय. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून निघालेलं एक कॉमेट उन्हाळी वादळात तुटलं, त्यात ४३ जण गेले. तो वादळाचा प्रकार आपल्या वळवाचाच मोठा भाऊ. ५ मार्च १९६६ रोजी फुजी पर्वताजवळ आकाश निरभ्र असताना डोंगरावरून उसळलेल्या वाऱ्यानं एक बोइंग ७०७ तोडलं. विजेनं इंधन पेटून अमेरिकेत डिसेंबर १९६३ मध्ये एक ७०७ पडलं आणि त्यानंतर टाक्यांच्या संरक्षणाचे नियम कडक झाले.

एक अपवाद मात्र वेगळा आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या अमेरिकन एअरलाइन्स ५८७ चं उभं शेपूट मोडून पडलं. वादळ नव्हतं, तडा नव्हता. पुढच्या विमानानं ढवळलेल्या हवेत शिरल्यावर रडर, म्हणजे पायानं चालवायचं उभ्या शेपटावरचं हलतं पातं, आलटून पालटून पूर्ण दाबलं गेलं आणि शेपटावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार आला. चांगलं विमान चांगल्या हवेतही मोडता येतं, हे त्यातून वैमानिकांच्या प्रशिक्षणात गेलं.

१२. कुणी माथेफिरूनं उडत्या विमानाचं दार उघडलं तर?

उंचीवर उघडणारच नाही. बहुतेक प्रवासी दारं बुचासारखी आतून घट्ट बसतात आणि प्रश्न ३ मधले बारा टन त्यांना धरून असतात. जमिनीजवळ मात्र दाबाचा फरक संपतो. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात उतरायच्या बेतात असलेल्या विमानाचं आपत्कालीन दार एका प्रवाशानं उघडलं. विमान सुखरूप उतरलं.

धोका बाहेर उघडणाऱ्या मालाच्या दारांचा होता. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चं मालाचं दार नीट न अडकल्यानं उडालं. वरची केबिनची जमीन खचली, तिच्यातून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या. ३४६ माणसं गेली.

१३. मग छत उडालेलं किंवा बॉम्ब फुटलेलं विमान कधी कधी उतरतं कसं?

तीन गोष्टींवर ठरतं: भोक किती, कुठे, आणि विमान किती उंचावर. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं अठरा फूट छत २४ हजार फुटांवर उडालं. एक हवाई सेविका गेली, बाकीचे विमानासह उतरले, कारण केबिनच्या जमिनीचा भाग आणि मुख्य तुळया टिकल्या. त्या विमानाची जवळपास ९० हजार उड्डाणं झाली होती, छोट्या छोट्या बेटांमधली. तासांपेक्षा खेपा मोजायच्या, हे त्यावरून ठसलं (का, ते प्रश्न ३ आणि ५ मध्ये). २०१६ मध्ये सोमालियातून निघालेल्या विमानात बॉम्ब फुटला तेव्हा ते अजून चढत होतं, दाबाचा फरक कमी होता. भोक पडलं, विमान परतलं.

१४. दोन विमानं हवेत आदळली तर दोन्ही तुटतात का?

तसं नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्यूशिन आदळले, ३४९ जण गेले. ७४७ चा पंख कापला गेला आणि ते घिरट्या घेत हवेतच तुटलं. इल्यूशिन जवळजवळ अखंड खाली आलं. दोघांचे अवशेष वेगवेगळ्या गावांच्या शिवारात होते. त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

२८ जानेवारी २०२३ चं विचारणारे इथे बरेच आहेत, कारण मोरेनाजवळच्या त्या टकरीत गेलेले मिराजचे वैमानिक आपल्या बेळगावच्या गणेशपूरचे होते. ती लढाऊ विमानं होती, सुखोई आणि मिराज. काही अवशेष मध्य प्रदेशात आणि काही थेट राजस्थानातल्या भरतपूर जिल्ह्यात मिळाले. त्या दिवशी 'तिसरं विमान पडलं' अशी बातमी फिरली आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागला. अवशेष दोन जागी दिसले म्हणजे अपघात दोन, असं कधीही धरू नका.

१५. एवढ्या उंचीवरून पडून कुणी वाचतं का? आणि जे जातात त्यांना कळतं का?

वाचल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. २६ जानेवारी १९७२ रोजी युगोस्लाव्हियाचं विमान १०,१६० मीटरवर तुटलं, त्यातल्या हवाई सेविका व्हेस्ना व्हुलोविच वाचल्या. त्या विमानाच्या तुकड्यातच अडकून उतारावर, बर्फात आल्या.

दुसरा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. ३५ हजार फुटांवर हवा एकाएकी गेली तर माणूस भानावर राहतो तो काही सेकंद, फार तर अर्धा मिनिट. घरच्यांना मी एवढंच सांगतो.

१६. आमच्या शेतात आकाशातून काही पडलं तर काय करायचं?

हात लावू नका, हलवू नका. वरची उत्तरं वाचलीत तर कळेल की तुकडा *कुठे* पडलाय हीच निम्मी साक्ष आहे. उचलून पंचायतीसमोर आणून ठेवला की ती साक्ष गेली. ११२ ला फोन करा. लांबून फोटो काढा, शेजारी विळा किंवा चप्पल अशी ओळखीची वस्तू येईल असा. वेळ लिहून ठेवा. गुरं आणि पोरं लांब ठेवा. जळलेल्या कार्बन फायबरची धूळ फुप्फुसाला घातक असते, आणि अवशेषांत दाबाचे सिलिंडर असू शकतात. पंचनामा कन्नडमध्ये होईल, तेव्हा सही करण्याआधी जागा, वेळ आणि दिशा बरोबर नोंदलीय का ते वाचून दाखवायला सांगा. तपास दिल्लीच्या विमान अपघात तपास विभागाकडे जातो, २०१२ पासून हे काम त्यांचं आहे.

१७. पडलेलं ते विमानाचंच हे कशावरून?

बहुतेक वेळा नसतं. थर्माकोलची छोटी डबी आणि फाटका रबरी फुगा असेल तर तो हवामान खात्याचा. बिदर-कलबुर्गीकडे मोठं पॅराशूट आणि उपकरणांची पेटी उतरली तर ती बहुधा हैदराबादहून टीआयएफआर ही संशोधन संस्था सोडते त्या फुग्याची. तिच्यावर पत्ता असतो, तिला उघडू नका. आणि २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत पडलेलं तीनेक मीटरचं धातूचं कडं रॉकेटचं होतं. विमानाच्या तुकड्यावर बहुधा रिव्हेटच्या सरळ रांगा, आतल्या बाजूला हिरवट-पिवळा रंग आणि छापलेले भाग क्रमांक दिसतात.

१८. सापडलेल्या सामानाचं पुढे काय होतं?

पुराव्याचं काम संपलं की घरच्यांना देतात, पण कसं देतात त्यात फार फरक असतो. लॉकरबीच्या माळरानावरून गोळा झालेले कपडे चिखलानं आणि इंधनानं माखले होते. गावातल्या बायका पुढे झाल्या. 'असे कपडे आईबापांच्या हातात द्यायचे नाहीत' म्हणून त्यांनी एकेक कपडा धुतला, वाळवला, इस्त्री केला, घडी घातली आणि मग तो त्या त्या घरी गेला.